ऋणधर्म आणि राहते घर

क्रेडिट कार्डाचे कर्ज विनातारण असते, म्हणजे ते देताना बँक कोणतीही मालमत्ता गहाण ठेवून घेत नाही. तरीही ते थकल्यावर बँकेने दिवाणी न्यायालयातून हुकूमनामा मिळवला, तर त्याच्या वसुलीसाठी ऋणकोच्या मालकीच्या घरावर जप्ती येऊ शकते. ऋण फेडणे हा धर्म आहे, हे मान्य केल्यावरही, ज्यांनी ते काढले नाही त्यांच्या निवाऱ्यावर धनकोचा हक्क पोहोचतो का, हा प्रश्न उरतोच.

धर्मशास्त्राने ऋणफेड हे परलोकाशी जोडलेले कर्तव्य मानले आणि पित्याचे ऋण पुत्रावर सोपवले. परंतु मद्यपान, कामासक्ती व द्यूत यांपायी झालेले पित्याचे ऋण पुत्राने फेडू नये, असेही याज्ञवल्क्यस्मृतीने सांगितले. धनकोलाही मर्यादा होती. ‘दामदुपट’ या नियमानुसार एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असू शकत नाही, आणि मुंबई प्रांतातील हिंदूंना हा नियम ब्रिटिश न्यायालयांनीही लागू केला. तुकाराम महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. पण असा त्याग सर्व धनकोंकडून अपेक्षिता येत नसल्यामुळेच, संताने स्वेच्छेने जे सोडले त्याचा काही अंश तरी शास्त्राला मर्यादा घालून साधावा लागतो.

आजचा कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबला आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने, त्यानंतरच्या ऋणांसाठी पुत्राला केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारे जबाबदार धरणे बंद केले. मात्र घर पित्याच्या नावावर असल्यास ते जाताना पुत्राची ही मुक्ती निरर्थक ठरते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० शेतकरी, मजूर व घरगुती नोकर यांच्या राहत्या घराला जप्तीपासून संरक्षण देते, पण लिपिकाच्या वा छोट्या दुकानदाराच्या घराला देत नाही. त्यातच दरमहा साडेतीन टक्के दराने व्याज आकारले, तर चक्रवाढ न धरताही ते वर्षाला ४२ टक्के होते.

ऋण हे दोन पक्षांमधील नाते असल्यामुळे त्याचा धर्मही दोघांना बांधतो: ऋणकोने मुद्दल व न्याय्य व्याज फेडलेच पाहिजे, आणि कर्ज बुडण्याची जोखीम ओळखून चढा दर लावणाऱ्या धनकोने तीच जोखीम प्रत्यक्षात आल्यावर तिचा भार ऋणकोच्या मुलाबाळांवर टाकता कामा नये. म्हणून दामदुपटीची मर्यादा कार्डाच्या कर्जालाही लागू होणे आणि कलम ६० चे संरक्षण प्रत्येक कुटुंबाच्या माफक राहत्या घरापर्यंत पोहोचणे, हीच या जुन्या ऋणविचाराची न्याय्य परिणती होय.