कणगी आणि वैराग्य

वैशाख सरत आला की आमच्या पनवेलकडे आगोट भरण्याची गडबड सुरू होई. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मिरगाच्या आत चार महिन्यांचे भात, वाल, डाळी, मीठ, मसाला, आमसुले, कांद्याच्या माळा, पापड-कुरडया, लाकूडफाटा, गोवऱ्या, सगळे घरात आले पाहिजे. कोळ्या-आगऱ्यांच्या घरी सुकी मासळी भरली जाई, तर माळकऱ्याच्या घरी वालाचे पोते थोडे मोठे असे. कणगी शेणाने सारवून वाळवायची. भात टरफलासकट ठेवायचे, कारण टरफलातल्या दाण्याला कीड लवकर शिवत नाही. लागेल तेवढेच कांडायचे. डाळीला कडक ऊन आणि एरंडेलाचा हात, कडधान्यात चुलीची राख, तांदळात कडुलिंबाचा पाला. ज्या घरी आगोट नाही, त्या घरी मुलगी देताना लोक दोनदा विचार करीत.

आता काळ बदलला. परवा आमच्या घरी डाळीला ऊन दाखवण्याचे चालले होते, तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, आजी कशाला एवढा त्रास घेते? दहा मिनिटांत दारात येतं सगळं." शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ तर हसून म्हणाले, "महाराज, लढाई होणार आहे की काय?" पूर्वी न साठवणारा हसण्यावारी जाई, आता साठवणारा जातो. पण हसणाऱ्यांत मीही कित्येक वर्षे होतो, आणि माझे हसणे या सगळ्यांपेक्षा वाईट होते. कारण मी ते नारदांच्या गादीवर उभे राहून हसत होतो. म्हणून हे लिहायला बसलो.

प्रश्न असा आहे. पांडुरंगावर भार टाकणाऱ्याने उद्याचे धान्य भरून ठेवावे काय? ठेवले, तर त्याच्या विश्वासाला उणेपणा येतो काय?

माझे उत्तर ठरलेले होते. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत मधमाशी आहे. ती मध साठवते आणि त्या साठ्यापायीच नाश पावते. हा दृष्टांत मी रंगवून सांगे. मग श्रोत्यांतल्या बायाबापड्यांकडे वळून म्हणे, "तुमचं चित्त इथं आहे की गच्चीवरच्या पापडांवर?" मंडप हसे. मृदंगावर थाप पडे. मी समाधानाने घरी येई आणि आमच्या घरच्या मंडळींनी वाढलेला गरम भात जेवे. तो भात कुठून आला, हे विचारावे असे मला कधी वाटले नाही.

२६ जुलै २००५ ला ते विचारावे लागले. आषाढी वारी करून येऊन चार-पाच दिवस झाले होते. त्या दिवशी सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे पुढे वर्तमानपत्रांतून सर्वांना कळले. आमच्याकडे गाढी नदी फुगली आणि पाणी वस्तीत शिरले. वीज गेली, गाड्या थांबल्या, दुकाने पाण्यात. आमच्या घरात कमरेइतके पाणी आले. पण माळ्यावर तांदूळ, वाल, गूळ, मीठ आणि कोरडी लाकडे होती. पहिल्या रात्री शेजारची दोन कुटुंबे माळ्यावर आली. आम्ही धरून अकरा माणसे झालो. पत्र्याच्या डब्याची चूल केली आणि पेज रटरटू लागली.

तिसऱ्या दिवशी आणखी एक कुटुंब आले. नवरा-बायको आणि तीन लेकरे, अंगावरच्या कपड्यांनिशी. खरे सांगतो, सज्जनहो, त्यांना पाहताच मी मनात तांदूळ मोजले. अकराचे सोळा झाले, दुकान कधी उघडेल कोण जाणे, आपले कसे होणार? उद्याची चिंता करू नका असे कित्येक वर्षे सांगणारा मी, उद्याची चिंता करणारा त्या माळ्यावरचा पहिला माणूस ठरलो. आमच्या मंडळींनी एक शब्द न बोलता पेजेत दोन तांबे पाणी वाढवले आणि लेकरांना हाताने जवळ बसवले. मग मला म्हणाल्या, "अहो, बघत काय बसलात? द्रोण पुढे करा."

आयुष्यभर बेगमी करणारी निश्चिंत होती, आणि बेगमीला नावे ठेवणारा घाबरला होता. माझे वैराग्य तिच्या कणगीवर जगत आले होते, हे त्या दिवशी मला दिसले. पुरुषांनी निःसंगाच्या गोष्टी सांगाव्यात आणि बायकांनी त्यांच्या पोटाची काळजी वाहावी, हा आपल्या परमार्थातला जुना अन्याय आहे. तो माझ्याही घरात होता.

मग मी पुन्हा पोथीकडे वळलो. अवधूताचे ते बोलणे कोणासाठी आहे, हे इतकी वर्षे मी नीट पाहिलेच नव्हते. सायंकाळसाठी, उद्यासाठी साठवू नये ही आज्ञा भिक्षूला आहे. ज्याचे हातच पात्र आणि पोटच कोठार, त्याचा तो धर्म. मी तो गृहस्थाच्या गळ्यात बांधला. एकादश स्कंधावर मराठीत टीका करणारे नाथमहाराज स्वतः पैठणचे गृहस्थ होते, आणि त्यांच्या दारातून अतिथी उपाशी गेल्याची कथा आपल्या परंपरेत नाही. रोज पंगत वाढणाऱ्या घरात धान्याचा साठा नसेल, असे कोण म्हणेल?

स्मृतिकारांनी तर गृहस्थांचे चार प्रकार साठ्यावरूनच पाडले. कोठारभर धान्य असलेला तो कुसूलधान्यक, रांजणभर असलेला कुंभीधान्यक, तीन दिवसांपुरते असलेला त्र्यहैहिक आणि उद्याचेही नसलेला अश्वस्तनिक. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ म्हटला आहे. यावर कोणी आक्षेप घेईल, की मग तुमचे आधीचे कीर्तनच बरोबर होते. समाधान असे, की श्रेष्ठ म्हटले ते ज्याने स्वतःच्या निश्चयाने सोडले त्याला. दुसऱ्याच्या साठ्यावर बसून 'मी साठवत नाही' म्हणणाऱ्याला ते लागू नाही. आणि ज्याच्याकडे उद्याचे नाही, तो ज्याच्या दाराशी जातो त्या दाराआड कणगी असावीच लागते. आळंदीला शिकत असताना आम्ही विद्यार्थी माधुकरी मागत असू. १९७२ च्या दुष्काळात घरोघर लाल मिलोच्या भाकरी होत्या. त्यातलीही अर्धी आमच्या झोळीत पडे. ती माउली साठवत नसती तर आमची ज्ञानेश्वरी कुठली पुढे जायला!

तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे, अन्न वाढवणे आणि वस्तीला आलेल्याला न फिरवणे ही व्रते एकामागून एक सांगितली आहेत. ती एकमेकांपासून तोडता येत नाहीत. पुष्कळ मिळवणे दार उघडण्यासाठी, आणि दार उघडायचे तर आत पुष्कळ हवे.

आपली वारीच पाहा ना. पांडुरंगावर विश्वास ठेवून निघालेला याहून मोठा समाज कोणता? पण कोणती दिंडी शिध्यावाचून निघते? दिंडीप्रमुख आधीपासून भिशी गोळा करतात, तांदूळ, गहू, डाळ, तेल, मिठाचा हिशेब करतात. धान्याचा ट्रक, पाण्याचा टँकर, तंबू, औषधे यांची व्यवस्था लावतात. कोणी त्यांना अविश्वासी म्हणत नाही. नाम मुखी आणि शिधा ट्रकमध्ये, दोन्ही बरोबर चालतात. शिवाय वाटेवरच्या गावांनी वर्षभर राखलेले धान्य त्या दिवशी पिठल्या-भाकरीच्या रूपाने समोर येते.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण सगळे सांगतो. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, आणि देव विठू महार होऊन त्या धान्याचे मोल भरायला गेला. आपण कोठार उघडल्याचे गातो. ते भरलेले नसते तर पंत काय उघडणार होते? पण उलटही तितकेच खरे. ते बंद राहिले असते तर बाहेर प्रेते आणि आत धान्य अशी गत झाली असती. भरणे आणि उघडणे मिळून एक पुण्य होते. तुकोबारायांनी १६३० च्या दुष्काळात पत्नीला अन्नावाचून जाताना पाहिले. पुढे परंपरा सांगते त्याप्रमाणे त्यांनी इंद्रायणीत बुडवली ती लोकांच्या देण्याची खतपत्रे. धान्य बुडवले नाही. ज्याने भूक पाहिली तो अन्नाला तुच्छ मानत नाही.

आता दुसरी बाजू. साठवण निराळी आणि साठेबाजी निराळी. पण यांतली रेघ सरकारी कायद्यात शोधायला जाण्याआधी आपल्या घरात शोधावी. २४ मार्च २०२० च्या रात्री, पाडव्याच्या आदल्या दिवशी, टाळेबंदी जाहीर झाली. आमचा मुलगा धावत गेला आणि पिठाची दोन मोठी पोती, तेलाचे चार डबे घेऊन आला. त्याला वाटले, आईला बरे वाटेल. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या चाळीतली एक मजूर बाई दाराशी आली. नवऱ्याचे नाक्यावरचे काम बंद, हातात थोडे पैसे होते, पण दुकानात पीठच उरले नव्हते. आमच्या मंडळी मुलाला म्हणाल्या, "बाळा, आपण वैशाखात भरतो तेव्हा बाजारात ढीग असतो, कुणाचं कमी होत नाही. काल तू आणलंस ते हिच्या परातीतलं आणलंस. आपल्या डब्यात अजून महिन्याचं आहे." दोन्ही पोती चाळीत गेली. मुलगा दोन दिवस घुश्शात होता. आणि मलाही, खोटे कशाला बोलू, एक पोते ठेवले असते तर बरे असे वाटून गेले.

पण तिच्या त्या बोलण्यात सगळा विवेक आला. सुगीत साठवणारा टंचाईत रांगेत उभा राहत नाही, म्हणजे आपली जागा दुसऱ्याला देतो. टंचाईत साठवणारा दुसऱ्याची जागा घेतो. पोते तेच, पण एक दान होते आणि एक हिसकावणे होते. दूरच्या स्वीडनच्या सरकारने २०१८ साली आणि पुन्हा २०२४ साली घरोघर पुस्तिका पाठवून संकटकाळासाठी अन्नपाणी ठेवायला सांगितले. आपलेही आपत्ती व्यवस्थापनवाले कोरडा खाऊ, पाणी, बॅटरी, औषधे तयार ठेवा म्हणतात. ज्यांना आपण आज नवे शहाणपण म्हणतो, ते आमच्या आज्या माळ्यावर ठेवत होत्या.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. घर लहान असेल तर दोन डबे भरा, पण बाजार भरलेला असताना भरा. किडेल इतके भरू नका. कणगीत कुजलेला दाणा हा कुणाच्या तरी मुखातून काढलेला घास आहे. जुने आधी काढा, नवे मागे ठेवा. आणि भरताना एक माप असे घाला, जे आपले नाही. ते कोणासाठी, हे आधी ठरवायचे नाही. तो ज्याला पाठवील त्याचे ते.

माझे कीर्तन आता थांबले आहे. गळा साथ देत नाही. मधमाशीचा दृष्टांत पुन्हा सांगण्याची संधी मिळाली असती, तर पापडांवरून हसलो नसतो. बाहेर ऊन आहे, आमच्या मंडळी गच्चीवर आहेत. त्यांना गुडघ्यांमुळे वाकवत नाही, म्हणून हा लेख इथेच ठेवून मी डाळ पसरायला जातो.

पांडुरंग सर्वांची कणगी भरलेली ठेवो, आणि दार उघडे.

रामकृष्णहरी.