धर्मग्राम आणि धर्मापुरी

'पॅरिश' या शब्दासाठी आपण मराठीत 'धर्मग्राम' हा अर्थपूर्ण शब्द योजतो. बीड जिल्ह्यात, परळी-अंबाजोगाईच्या टापूत, जवळजवळ याच अर्थाचे नाव धारण करणारे एक गाव आहे: धर्मापुरी. चालुक्यकालीन शिल्पवैभव मिरविणारे केदारेश्वराचे मंदिर आणि जुना किल्ला ही त्या गावाची ओळख. जवळच्या अंबाजोगाईस मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधी आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले, ते ज्या मराठी ओवीत, ती ओवी मराठवाड्याच्या मातीतील कवींनी त्यापूर्वीच रुळविली होती. तेव्हा हा मुलूख आपल्याला परका नाही. आपल्या प्रार्थनेच्या भाषेचे ते एक माहेर आहे.

बालाघाटच्या या परिसरात कोठे काळी राने, कोठे मुरमाड माळ. ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन ही पिके. पाऊस मात्र बेभरवशाचा. मोठ्या गावांभोवती लहान लहान वाड्या, वस्त्या आणि तांडे विखुरलेले आहेत. दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील अशा असंख्य वस्त्या रित्या होऊ लागतात. नवरा-बायको, सोबत तान्ही मुले, भांडीकुंडी आणि कोयते घेऊन ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, घराला कुलूप आणि अंगणात शांतता.

ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. दोन जिवंत माणसांची गणना एका हत्याराच्या नावाने व्हावी, यातच पुष्कळ काही आले. मुकादमाकडून हंगामापूर्वी 'उचल' घ्यायची आणि ती अंगमेहनतीने फेडायची. एखाद्या दिवशी काम चुकले की 'खाडा' पडतो आणि दंड भरावा लागतो. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी यांना या हिशेबात जागा नाही. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली आढळली.

येथे प्रश्न उभा राहतो: हे पाप कोणाचे? मुकादम म्हणेल, मी तर मधला माणूस. कारखाना म्हणेल, मजूर आमच्या पटावर नाहीत. शेतकरी म्हणेल, तोड वेळेवर झाली नाही तर माझा ऊस वाळून जाईल. चहात साखर घालणारे आपण तर या साखळीत स्वतःला मोजतही नाही. प्रत्येकाचा वाटा इतका लहान की कोणाच्याच कबुलीजबाबात तो येत नाही. मात्र त्या स्त्रीच्या देहावरील व्रण लहान झालेला नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली समेट व प्रायश्चित्त या विषयावर लिहिलेल्या पत्रात सामाजिक पापाचा विचार केला आहे. अशी पापे अनेक व्यक्तिगत पापांच्या साठ्यातून निर्माण होतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अन्याय करणारे त्यात येतात, तसेच भीतीपोटी, सोयीपोटी किंवा उदासीनतेने गप्प राहणारेही येतात. म्हणजे 'व्यवस्थाच तशी आहे' ही सबब ख्रिस्ती विवेकापुढे टिकत नाही.

यावर कोणी म्हणेल, उचल तर ते स्वखुशीने घेतात. या युक्तिवादाचे उत्तर पोप तेरावे लिओ यांनी १८९१ सालीच देऊन ठेवले आहे. गरजेने किंवा अधिक वाईटाच्या भयाने मजूर कठोर अटी पत्करतो, तेव्हा तो बळजबरीचा बळी असतो, अशी त्यांची शिकवण आहे. घरी लेकरू उपाशी असताना दिलेला होकार म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

आपल्या शेतकरी घरांत 'सरवा' हा शब्द अजून ऐकू येतो. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे गोरगरीब वेचून नेतात, तो सरवा. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात हेच काम करीत होती. मोशेच्या नियमशास्त्राने शेताचे कोपरे न कापण्याची आणि पडलेली कणसे न उचलण्याची आज्ञा दिली होती. तो वाटा गरिबांचा आणि परक्यांचा हक्क होता. मालकाने मर्जीने घातलेली ती भीक नव्हती. उसाच्या फडात आता वाढ्यांपुरताच सरवा उरला आहे. तोडलेल्या उसाचे हिरवे शेंडे बैलांना घालावेत आणि उरलेले विकून चार पैसे करावेत, इतकेच.

नाताळच्या रात्री आपण घराघरांत गोठा सजवितो, गोडधोड करतो. नेमक्या त्याच थंडीत ही कुटुंबे उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत निजलेली असतात. शिरगणतीच्या हुकुमाने घर सोडावे लागलेली मरिया आणि योसेफ आज नेमके कोठे उतरले असते, हे सांगायला धर्मपंडिताची गरज नाही.

मग आपण काय करावे? साखर सोडल्याने कोणाचा खाडा माफ होणार नाही. आरंभ आपल्या हद्दीतून करता येईल. आपला धर्मग्राम म्हणजे केवळ नोंदवहीतील कुटुंबे, असे आपण समजतो. १९८३ च्या धर्मसंहितेने मात्र धर्मगुरूंवर दुःखितांना, एकाकी जनांना आणि स्वदेशातून परागंदा झालेल्यांना विशेष काळजीने शोधून काढण्याचे कर्तव्य सोपविले आहे. ते कर्तव्य त्यांनी एकट्याने कसे पार पाडावे? आपल्या चर्चच्या घंटेच्या टप्प्यात वीटभट्टी असेल, बांधकामावर मजुरांच्या झोपड्या असतील. ती माणसेही कोणत्या तरी धर्मापुरीच्या वाडीतून घराला कुलूप लावून आलेली आहेत. त्यांच्या मुलांचे शिक्षण कोठे होते, आजारी बाईला दवाखाना कोण दाखवितो, मजुरी हातात पूर्ण पडते की नाही, एवढे विचारणे आपल्या आवाक्यातले आहे. आपला वाटा लहान आहे खरा. म्हणूनच तो उचलणे कोणालाही जड जाऊ नये.