मुक्कामाचा अधिकार

भिक्षूने वर्षाकाळी एके ठिकाणी राहावे आणि एरवी चालत राहावे, या नियमामुळे विहारांची गरज निर्माण झाली. म्हणूनच वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे जे सोळावे लेणे संघास अर्पण केले, ते तत्त्वतः पांथस्थांचे निवासस्थान होते, व त्यात वास करणाऱ्या कोणाचीही त्यावर मालकी नव्हती. मग १८४४ पासून अजिंठा गावच्या बारादरीत बिऱ्हाड करून चित्रांच्या नकला उतरविणारा रॉबर्ट गिल, किंवा १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस आदी चित्रकारांसह फर्दापुरानजीक तळ देणाऱ्या लेडी हेरिंगहॅम, हे त्या प्राचीन दानाचे अतिथी मानावेत काय?

माझ्या मते अवश्य मानावेत, कारण ते मुक्कामास आले ते पाहण्यासाठी, आणि एकाग्र पाहणे हीदेखील एक उपासना आहे. गिलची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनजवळ लागलेल्या आगीत जळाली, तरी तो पुन्हा कामास लागला. याउलट १८१९ साली तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने दहाव्या लेण्याच्या चित्रित स्तंभावर आपले नाव कोरले. ते कृत्य अतिथीचे नव्हे.

परंतु या अतिथींवर एक ऋण राहते, ते त्यांची वाट सुरक्षित ठेवणाऱ्यांचे. आमच्या धरणगावी १८२५ साली आऊट्रम या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली, आणि अजिंठ्यालगतच्या खानदेशच्या मुलखाचा बंदोबस्त ज्या भिल्ल शिपायांनी राखला, त्यांची नावे पुरातत्त्वाच्या ग्रंथांत मला कोठेच आढळली नाहीत.