दाराशी आलेला प्रश्न

चि. सौ. भाचीस,

परवा फोनवर "मावशी, माझ्यातच काही कमी आहे का गं?" एवढं म्हणालीस आणि लगेच विषय बाळाच्या सर्दीवर नेलास. पण मला कळायचं ते कळलं. नर्स म्हणून माझी सगळी नोकरी बायकांच्या अर्ध्या वाक्यांवरच गेली. 'कंबर दुखते', 'पांढरं जातं' असं सांगत आलेली बाई तपासून घ्यायची, गोळ्यांची चिठ्ठी घ्यायची आणि दाराशी पोचल्यावर पडदा धरून हळूच मला विचारायची, "सिस्टर, मला ते नकोसंच वाटतं हो. यांना काय सांगू?"

तेव्हा तू एकटी नाहीस. अमेरिकेत १९९९ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. १८ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४३ टक्के जणींना इच्छा न होणं, ओलावा न येणं, दुखणं, सुखाची परिसीमा न गाठणं यांपैकी काही ना काही तक्रार होती. त्यावर वादही झाला, कारण मग जवळजवळ निम्म्या बायका आजारीच म्हणायच्या! २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच दुसऱ्या पाहणीत तीस हजारांहून अधिक बायकांना आणखी एक प्रश्न विचारला होता: याचा तुम्हाला मनस्ताप होतो का? तक्रारी जवळपास तेवढ्याच निघाल्या. पण तक्रारही आहे आणि मनस्तापही, अशा साधारण १२ टक्के. मला हा दुसरा आकडा जास्त खरा वाटतो. इच्छा नाही आणि तिचं तिला काही वाटतही नाही, ती बाई आजारी नव्हे. (नवऱ्याला वाटत असेल, तर ते दोघांनी बसून बोलायचं.)

तुला मात्र त्रास होतोय. मग कारणं बघू. तू अंगावर पाजतेस. त्या काळात प्रोलॅक्टिन वाढतं, इस्ट्रोजेन उतरतं आणि योनीमार्ग कोरडा पडतो. पाळी जाताना होतं तसंच, फक्त तुझं तात्पुरतं. त्यात टाक्यांची जागा हुळहुळी, रात्री तीनदा उठणं आणि दाराच्या पलीकडे सासूबाई जाग्या. एकदा दुखलं की पुढच्या वेळी अंग आधीच आखडतं, आणि आखडल्यामुळे आणखी दुखतं. हे चक्र 'मन लाव' म्हणून सुटत नाही. मधुमेह, थायरॉईड, नैराश्य यांनीही असं होतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते. पण म्हणून कुणी त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

कोरडेपणाला मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते. निरोध वापरत असाल तर खोबरेल नको, रबर कमजोर होऊन फाटतं.

आणि हे सगळं विचारायला लाजू नकोस. एके काळी यावर बोलणंही महाग पडायचं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचकांच्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी लढवली, तरी खटला हरले आणि दंड झालाच. तुला आज निदान दंड तरी होणार नाही!

पुढच्या आठवड्यात तांबी बसवायला डॉक्टरीणबाईंकडे जाणार आहेस ना? टाक्यांची जागाही दाखव. आणि हे सगळं खुर्चीत बसूनच विचार, दाराशी जाऊन नको. जावईबापूंनाही आत ने. बाळाला बाहेर मी घेऊन बसेन.

तुझी
मावशी