पंखा बंद

अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो, तेव्हाची गोष्ट. कंडेन्सरला लावलेली रबरी नळी निघता निघेना. घाई होती. मी हिसका दिला आणि नळीबरोबर कंडेन्सरचं नोझलही मुळापासून तुटून हातात आलं. नवा मागवायचा तर खरेदी विभागाचे तीन कागद आणि पंधरा दिवस. म्हणून तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि घरी परतताना विठ्ठलवाडीला एका गाळ्यात नेला. तिथे एक ग्लास ब्लोअर होते. आसपासच्या कंपन्यांची फुटकी काच त्यांच्याकडे यायची.

मे महिना होता. गाळ्यात पाऊल टाकलं आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला. वर पाहिलं. पंखा होता, पण बंद.

‘‘वारा नको, साहेब. ज्योत हलते, काच तडकते.’’ त्यांनी कंडेन्सर हातात घेऊन आधी नाकाशी नेला. ‘‘काय उकळत होतं यात?’’

‘‘टोल्युइन.’’

‘‘धुतलाय?’’

‘‘हो, पाण्याने.’’

ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले. टोल्युइन पाण्याने जात नाही हे मी कॉलेजात शिकलो होतो; त्यांना ते न शिकता ठाऊक होतं. आत वाफ राहिली तर बर्नरसमोर काय होतं, हे त्यांनी कधीतरी पाहिलं असणार. त्यांनी ॲसिटोनने नळ्या खळबळल्या, पूर्ण सुकवल्या, बाकीची तोंडं बुचांनी बंद केली. एका तोंडाला बारीक रबरी नळी जोडून तिचं दुसरं टोक दातांत धरलं. डोळ्यांवर जांभळट काचेचा चष्मा चढवला. तापलेल्या काचेतल्या सोडियमची पिवळी झगमग त्या चष्म्यातून दिसत नाही, नुसती काच दिसते.

मला वाटलं, आता निळी ज्योत थेट तुटल्या जागी. पण नाही. सुरुवातीला ऑक्सिजन बंद. नुसत्या गॅसची मऊ पिवळी ज्योत, तीही तुटल्या जागेपासून लांब. कंडेन्सर हळूहळू फिरत होता आणि काचेवर काजळी धरत होती.

ती काजळी पाहून मला आजी आठवली. गावी आमच्याकडे ‘प्रभाकर’ कंदील होता. कराडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी 1916 साली औंध संस्थानच्या जागेत काचेचा कारखाना काढला आणि वडिलांचं नाव कंदिलाला दिलं. त्याआधी 1908 मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी पैसा पैसा मागून जमवलेल्या निधीतून. काच आपल्या हाताने करायची, हा त्या काळी देशकार्याचा भाग होता. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. रोज संध्याकाळी काच राखेने पुसून लख्ख करणं, एवढा तिचा काचेशी संबंध. आणि एक नियम: पेटता कंदील पागोळीखाली न्यायचा नाही. मी नेला. एक थेंब पडला, तट्ट आवाज झाला, आणि काचेवर वरपासून खालपर्यंत रेघ उमटली. ‘एवढ्याशा थेंबाने?’ असं मी रडत विचारल्याचं आठवतं. पाठीत धपाटा बसला, उत्तर मिळालं नाही.

उत्तर त्या गाळ्यात समोर चाललं होतं. काच तापल्याने तडकत नाही. एक बाजू तापून पसरते, शेजारची गार राहून जागची हलत नाही. त्या ओढाताणीत ती फुटते. कंदिलाची साधी काच तापल्यावर जितकी पसरते, त्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रयोगशाळेची बोरोसिलिकेट काच पसरते. ऑटो शॉटने जर्मनीत येना इथे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवली. पुढे अमेरिकेत कॉर्निंग कंपनीने तशा काचेकडे मोर्चा वळवला तो रेल्वेच्या कंदिलांसाठी. पाऊस-बर्फाने त्यांची तापलेली काच फुटायची. म्हणजे माझाच थेंब! 1913 मध्ये तिथल्या जेसी लिटलटन नावाच्या शास्त्रज्ञाच्या बायकोने, बेसीने, त्याच काचेच्या कापलेल्या बॅटरीच्या बरणीत केक भाजला, आणि दोन वर्षांनी पायरेक्सची भांडी बाजारात आली. आजी आणि बेसी समोरासमोर आल्या असत्या तर काचेबद्दल बरंच बोलल्या असत्या.

इकडे ऑक्सिजन सुरू झाला. ज्योत फुस्स करून निळी, टोकदार. तुटकी कड लाल झाली, मऊ झाली. एका काचकांडीचं टोक तिला चिकटवून त्यांनी खडबडीत काच ओढून काढली, नव्या नळीचा तुकडा कडेला टेकवला. जोड आत बसू लागला की ज्योत बाजूला आणि अगदी हलकी फुंकर. गाल फुगलेसुद्धा नाहीत. आपण चहावर घालतो त्याहून कमी. फुंकर जास्त झाली तर काचेला फुगा येतो, कमी पडली तर खड्डा. असं सात-आठ वेळा झालं असेल. तापव, फुंक, थांब.

शेवटी पुन्हा ऑक्सिजन बंद आणि पुन्हा पिवळी ज्योत. जोडावर काजळी धरू लागली तसे ते म्हणाले, ‘‘आता ही निवायला लागली.’’ आजी जी पुसून काढायची, ती यांना हवी होती. मग कंडेन्सर भट्टीत गेला, साडेपाचशे अंशांच्या वर.

‘‘आता थांबू का?’’

‘‘उद्या सकाळी या. भट्टी बंद करीन, पण दार उघडणार नाही.’’

गाळ्याबाहेर आलो तर स्टेशनवरून येणारा वारा गार वाटला.

सकाळी त्यांनी तो दोन ध्रुवक काचांमध्ये धरून दिवा लावून दाखवला. काचेत ताण उरला असता तर तिथे उजळ पट्टे दिसले असते. अंधारच दिसला. मी लोकलमध्ये बसून वर्तमानपत्राच्या आत हात घालून अंगठ्याने जोड शोधत होतो. उल्हासनगर गेलं, अंबरनाथ आलं, तरी सापडला नाही.

संध्याकाळी काम संपल्यावर रबरी नळी काढायची वेळ आली. ती पुन्हा घट्ट बसली होती. मी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि नळी उभी चिरून काढली.