दाढीस वेळ कोणाचा लागतो?

सकाळच्या घाईत नीटनेटकी दाढी करावयास वेळ कोठून काढावा, हा प्रश्न आमच्या उपदेशक व शिक्षक बंधूंच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकतो. कोणी तो हसत विचारितो, कोणी खरोखर त्रासून. प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे, आणि वर्तमानपत्राच्या स्तंभात त्यास जागा का द्यावी, अशी शंका वाचकांस येईल. परंतु ज्यास सहाची एस. टी. गाठावयाची आहे, किंवा गोठ्यातले शेण काढून, धार काढून मग दूरच्या शाळेत जावयाचे आहे, त्याचा दिवसातील पहिला वाद स्वतःशीच होतो, आणि तो बहुधा याच विषयावर: आज करावी की राहू द्यावी? या वादात एक बाजू नेहमी गैरहजर असते. तिच्याविषयी आम्हांस आज लिहावयाचे आहे. पण आधी दाढीचे बोलू.

दाढी म्हणजे येथे जुन्या रीतीची ओली दाढी समजावी. ऊन पाणी, साबणाची वडी, ब्रश, आणि एकाच पात्याचा रेझर अथवा वस्तरा. विजेचे यंत्र कोरड्या गालावर फिरवून मोकळे होणाऱ्यांनी हे पान उलटिले तरी आमची हरकत नाही.

वेळ जातो कोठे ते पाहू. सराव झालेला मनुष्य गालावरून, हनुवटीवरून, गळ्यावरून पाते फिरवितो ते काम ३-४ मिनिटांचे आहे. बाकीचा वेळ पाणी तापणे, केस भिजणे, फेस करणे, तोंड धुणे, सामान पुसून ठेवणे यांत जातो. घाईच्या दिवशी मनुष्य यांतला कोणता भाग तोडतो? भिजण्याचा. कारण भिजताना तो स्वतः काहीच करीत नसतो, व रिकामे उभे राहणे त्यास वेळ दवडण्यासारखे वाटते. पण खरे काम तेव्हाच चाललेले असते. दाढीचा कोरडा केस ताठ व चिवट असतो. ऊन पाण्यात २-३ मिनिटे भिजला म्हणजे तो पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो, आणि त्यास कापावयास पुष्कळ कमी जोर लागतो. साबणाचा फेस ते पाणी केसावर धरून ठेवितो व पात्यास घसरावयास वाट करून देतो. पात्याचे पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी केसच पात्यास बोथट करितो! अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की, केस विशिष्ट रीतीने धारेवर पडला म्हणजे धारेचा लहानसा टवका उडतो. मग न भिजलेल्या दाढीवर पाते दाबून ओढणाऱ्याने पात्यास व गालास काय करून ठेविले असेल, याची कल्पना करावी. तो दोन मिनिटे वाचवितो, आणि रक्त थांबविण्यासाठी तुरटी शोधण्यात पाच घालवितो.

भिजण्यासाठी वेळ वेगळा काढावाच लागत नाही, जर स्नान आधी व दाढी नंतर केली. स्नान होईपर्यंत दाढी आपोआप भिजलेली असते. पण आमच्या खेड्यांत हा क्रम पुष्कळांस रुचत नाही. क्षौर आधी, स्नान नंतर, हेच वळण अंगी मुरलेले आहे. ते कोठून आले? कापलेले केस अपवित्र, क्षौराने विटाळ होतो व तो स्नानाने जातो, या जुन्या समजुतीतून. सुटलेले केस धुऊन जावेत एवढा व्यावहारिक लाभ त्यात आहे खरा, पण त्यास ओंजळभर पाणी पुरते. ज्यांच्या वाडवडिलांनी विटाळाच्या कल्पनेचे चटके इतरांहून अधिक सोसले, आणि ज्यांनी ती कल्पना सोडून दिली, त्यांनीही तिचा क्रम मात्र रोज सकाळी पाळावा, हे नवल आहे. आमचा आग्रह नाही. ज्यास आधी बरे वाटते त्याने आधी करावी. पण क्रम बदलला म्हणून काही बाटत नाही, आणि चार मिनिटे हाती येतात.

येथवर हिशेब सोपा आहे. आता गैरहजर बाजूकडे वळू. हे ऊन पाणी कोणी तापविले?

खेड्यातील घराची सकाळ डोळ्यांपुढे आणा. सर्वांच्या आधी कोण उठते? चूल किंवा गॅस कोण पेटविते? नळास पाणी येते त्या वेळी हंडा घेऊन कोण उभे असते, भाकरी कोण थापते, मुलींच्या वेण्या कोण घालते, म्हाताऱ्या सासूस चहा कोण देते? त्या सर्व गडबडीत घरधनी ओटीवर खिडकीच्या गजास आरसा टेकवून बसतो व हाक मारितो, “अगं, ऊन पाणी आण.” मग, “टॉवेल कोठे ठेविलास?” मग, “पोराला बाजूस घे, हात हलेल.” पंधरा मिनिटे तो स्वतः शांत असतो, आणि त्याच्या शांततेभोवती सारे घर पळत असते. पुढे तोच विचारितो की, सकाळी दाढीस वेळ कसा काढावा! वेळ निघतोच आहे, बाबा. तो तुझ्या सकाळीतून निघत नाही, एवढेच.

घड्याळातला वेळ सर्वांस सारखा असतो, घरातला नसतो. एकाची फुरसत पुष्कळदा दुसऱ्याच्या घाईतून कापलेली असते, जसे एखाद्याने आपल्या पागोट्याचे कापड बायकोच्या लुगड्यातून काढावे. आणि ज्यास ती फुरसत मिळते त्यास कापलेली जागा दिसत नाही, कारण त्याच्यापुढे पाणी येते तेच मुळी ऊन होऊन येते.

पूर्वी हा वेळ घरातला नव्हताच. तो न्हाव्याचा होता. बलुतेदारीत न्हावी धोकटी काखेस मारून दारी येई, किंवा पारावर बसे, आणि वर्षाच्या कामाबद्दल सुगीत धान्य घेई. रोजच्या सकाळीत दाढी येतच नसे. पण त्या पारावर सर्वांस जागा नव्हती. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आजोबापणजोबांस गावच्या न्हाव्याचा वस्तरा लागत नसे. लागला तर वस्तरा बाटे. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी आपल्या बालपणच्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, साताऱ्यास न्हावी पुष्कळ होते व पैसे देण्याची ऐपतही घरी होती, तरी त्यांचे केस कापावयास न्हावी तयार नसत. ते काम त्यांची थोरली बहीण करी, आणि करून करून ती त्यात तरबेज झाली होती. ही आठवण निघाली म्हणजे लोक न्हाव्याच्या नकाराविषयी बोलतात, व ते योग्यच आहे. आम्हांस मात्र त्या बहिणीचा हात दिसतो. गावाने जे नाकारिले त्याची भरपाई घरातील मुलीने केली, आपल्या कामांतून वेळ काढून.

मग सेफ्टी रेझर आला. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थास १९०४ साली त्याचे पेटंट मिळाले, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांस असे रेझर पुरविले. लढाईहून परतलेल्या त्या मंडळींबरोबर रोज स्वतःच दाढी करण्याची सवयही घरोघर गेली. वस्तरा दगडावर लावणे, चामड्याच्या पट्ट्यावर पलटणे, हात न थरथरता धरणे, ही कला शिकावी लागे; पाते बदलता येऊ लागल्यावर ती गरज राहिली नाही. ज्यांस न्हावी नाकारीत असे त्यांच्याही हाती पुढे हे हत्यार आले, ही काही लहान गोष्ट नव्हे. कोणाची मिनतवारी करावयाचे कारण सरले. परंतु न्हाव्याचे काम घरात शिरले तेव्हा त्याबरोबर पाणी तापविणे, वाटी देणे, सांडलेले पुसणे हेही शिरले, आणि ते कोणी करावे याचा करार कोणी केला नाही. ते जिकडे उतार होता तिकडे वाहत गेले.

कोणी म्हणेल, एवढे असेल तर दाढी राखावी म्हणजे झाले. राखावी, आमची तक्रार नाही. पण दाढी करणे म्हणजे नट्टापट्टा, असे काही कडक बंधू म्हणतात ते आम्हांस मान्य नाही. योसेफास तुरुंगातून काढून फारोपुढे नेले तेव्हाची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. राजाचा हुकूम, सर्वत्र घाई, तरी त्याने क्षौर केले, वस्त्रे बदलली, व मग तो आत गेला. इब्री लोक दाढी राखीत, मिसरी लोक काढीत. ज्यांच्यापुढे जावयाचे त्यांच्या रीतीचा योसेफाने मान ठेविला. मुलांपुढे उभे राहणाऱ्या मास्तरांनी, आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या उपदेशकाने स्वच्छ चेहऱ्याने जावे, यात समोरच्याचा मान आहे. मग ज्यांच्यापुढे जावयाचे त्यांचा मान राखताना, ज्यांच्यामधून निघावयाचे त्यांचा का सोडावा?

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. “ती आनंदाने करिते. आम्ही सांगत नाही, तीच पाणी आणून ठेविते. प्रेमाच्या सेवेचा हिशेब काय मांडता?” या बोलण्यात सत्याचा अंश आहे. ऊन पाण्याचा तांब्या पुढे ठेवणारा हात प्रेमाचा असू शकतो, आणि तो तसा असता त्यास ढकलून देणे हाही एक गर्वच. पण आनंदाने करिते हे ओळखावे कशावरून? जेथे नाही म्हणावयाची सोय नाही, तेथे होय या शब्दास किती वजन द्यावे? विधवांचे केशवपन चालत असे तेव्हाही सांगणारे सांगत की, त्या आपल्या धर्माप्रमाणे स्वखुशीने डोके पुढे करितात. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी एकत्र जमले आणि विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाही असे त्यांनी ठरविले. शिकलेल्यांचे वाद चालूच होते. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनी त्या खुशीवर विश्वास ठेविला नाही. तांब्याभर पाण्याची त्या दुःखाशी तुलना आम्ही करीत नाही. ‘खुशी’ या शब्दाकडे दोनदा पाहावे, एवढेच आमचे म्हणणे.

त्याची परीक्षाही सोपी आहे. आठ दिवस आपले पाणी आपण तापवावे, काही न बोलता. नवव्या दिवशी तिने म्हटले, “राहू द्या, मी देते,” तर ते प्रेम आहे, ते घ्यावे. ती काही न म्हणता भाकरीकडे वळली, तर तेही उत्तरच आहे.

तर मग वेळ कसा काढावा? ज्याची सकाळ खरोखर अडचणीची आहे त्याने रात्री जेवणाआधी दाढी करावी. दुसऱ्या दिवशी हातास किंचित खरखर लागेल, डोळ्यास फारशी दिसणार नाही. शनिवारी रात्री दाढी आटोपून रविवारच्या उपासनेस येणारे पुष्कळ आहेत; तेच इतर दिवशी का जमू नये, हे आम्हांस कळत नाही. सकाळीच करावयाची असेल तर इतरांच्या पंधरा मिनिटे आधी उठावे, गॅस आपण पेटवावा, आणि एक भांडे पाणी जास्त ठेवावे. उरलेले मुलांच्या तोंड धुण्यास होते. दाढीस वाटीभर पाणी पुरते, बादली लागत नाही. केसांच्या ओघाने एकदाच पाते फिरवावे, दाबू नये. गाल गुळगुळीत करणारी उलटी फेरी सुट्टीच्या दिवशी करावी. मिशीच्या टोकाकडे आरशात दहा वेळा पाहणे हे दाढीत मोडत नाही. ब्रश आपण धुऊन, झटकून, केस खाली करून टांगावा. वाटी आपण विसळावी. मुलगा पाहत उभा असेल तर त्यास हाकलू नये. त्यास पाहू द्यावे, विशेषतः वाटी विसळताना.

न्हाव्याकडे जाण्याविषयीही दोन शब्द लिहावेसे वाटतात. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली, तरी नकार देणारी दुकाने काही खेड्यांतून पूर्णपणे गेलेली नाहीत. जेथे ती आहेत तेथे तो कायद्याने गुन्हा आहे हे आमच्या लोकांनी ध्यानात ठेवावे. जेथे दार खुले आहे तेथे बाजाराच्या दिवशी कसबी हाताकडून दाढी करून घेणे यात अपव्यय नाही. ते दाम देऊन घेतलेले काम आहे. त्यावर एका घरची चूल चालते, व कोणाची सकाळ न विचारता खर्ची पडत नाही. पाते मात्र आपल्यासमोर नवे घालावयास सांगावे. एकाच पात्याने अनेकांच्या दाढ्या झाल्या तर रक्तावाटे हिपॅटायटिस बी व सी हे काविळीचे प्रकार, तसाच एच. आय. व्ही., पसरू शकतो. सांगावयास संकोच करू नये. चांगला कारागीर रागावत नाही.

झिजलेले पाते कागदात गुंडाळून उकिरड्यावर टाकण्याची सवय फार वाईट आहे. उकिरडा उपसणारी बाई, कचरा वेचणारे पोर, कागदासकट सारे चघळणारी गाय, यांपैकी कोणाच्या तरी अंगात ते रुतते. त्याऐवजी पत्र्याचा एखादा रिकामा डबा घ्यावा, झाकणास छिन्नीने पाते जाईल एवढी बारीक फट पाडावी, झाकण पक्के चिकटवावे, व तो डबा मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावा. एका मनुष्याची काही वर्षांची पाती त्यात मावतात. भरला म्हणजे आत काय आहे ते भंगारवाल्यास सांगून मग त्याच्या हाती द्यावा.