हसायचं कुणाला?

सरळ विचारतो. टवाळी करायचा हक्क कुणाला, आणि कुणाची?

गावानं पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हसून घेतलं. आपली नावं, आपली बोली, आपलं खाणं, सगळा चावडीवरचा विनोद. हसणाऱ्याच्या हातात सत्ता असली की विनोदाचेही वळ उठतात.

तीच काठी उलटी फिरवणारा माणूस आपल्या गोदेच्या खोऱ्यातच होऊन गेला. वडीगोद्रीहून वरच्या अंगाला, पैठणच्या पलीकडं नेवासे तालुक्यात तरवडी आहे. तिथले मुकुंदराव पाटील. सत्यशोधक. 1910 साली त्यांनी 'दीनमित्र' सुरू केला आणि पुण्या-मुंबईची वाट न धरता खेड्यातून 1967 पर्यंत चालवला. 1913 साली त्यांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं. पोथीच्याच ओव्यांत कुलकर्ण्याच्या लबाड्या! ज्याच्या दप्तराला अडाणी कुणबी थरथरायचा, त्याच्यावर तो हसू लागला. माणूस हसला की निम्मी भीती तिथंच मरते.

पण त्यासाठी कागद आपला पाहिजे. 1920 साली 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'नं पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून त्याच ओट्याची टवाळी करता येत नाही. बाबासाहेबांना हे पक्कं ठाऊक होतं.

आता पुढचं. नुसता कागद आपला असून भागतं का? मुकुंदरावांनी अस्पृश्यतेविरुद्धही लिहिलं. पण त्यांच्या ओव्यांना हसलेल्या गावानं काय केलं? कुलकर्ण्याला हसणं सोपं होतं. स्वतःच्या वाड्याला कोण हसणार? 1978 साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. पेटवणारे सगळे काही भटजी नव्हते. जे हसू स्वतःच्या उंबऱ्याशी थांबतं ते मुक्तीचं नसतं. ते फक्त मालक बदलतं.

म्हणून हाच सवाल मी आपल्याला टाकतो. आपली पोरं वस्तीतल्या अंगात येणाऱ्या म्हातारीची नक्कल करतात. सगळे हसतात. अरे, तिला कुणी शाळेत बसू दिलं होतं? तिच्याशी बोला, बावीस प्रतिज्ञा समजावा, हवं तर भांडा. तिची टर उडवली तर आपण चावडीवरच जाऊन बसलो. आणि निवडणुकीच्या रात्री निळा झेंडा गुंडाळून मालकाच्या जीपमध्ये बसणारा पुढारी? त्याच्यावर कुणी ओवी रचत नाही. कारण वर्गणी त्याच्याकडून येते!

माझं म्हणणं एवढंच. लिहिण्याआधी स्वतःला विचारा, ज्याला मी हसतोय तो माझं काही वाकडं करू शकतो का? करू शकत असेल तर बिनधास्त लिहा. नसेल तर लेखणी खाली ठेवा आणि त्याच्याशेजारी जाऊन बसा.